नवा कॅमेरा, घरची खिडकी आणि पहिले तीन महिने

कॅमेरा घरी आला की पहिल्या दिवशी बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. खोकं उघडायचं, घाईघाईत बॅटरी घालायची, सगळ्यांना हॉलमध्ये उभं करायचं आणि रात्री ट्यूबलाइटखाली धडाधड फोटो काढायचे. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचा हात हललेला, सगळ्यांचे चेहरे हिरवट-पिवळे. दुसऱ्या दिवशी घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘यापेक्षा मोबाइलवर बरे येतात की!’ आणि तिथून जो कॅमेरा कपाटात जातो तो थेट पुढच्या लग्नाला बाहेर निघतो.

वाईत मी ओळखीपाळखीच्या मुलांना फोटो काढायला शिकवते. असे कपाटात गेलेले कॅमेरे मी बरेच पाहिलेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो, कारण त्यातला एकही कॅमेरा वाईट नव्हता. तुमच्याकडे पहिलाच डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आला असेल आणि सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स असेल, तर तुमच्याकडे शिकायला लागणारं सगळं आहे. माझं सांगणं एवढंच की एका वेळी एकच गोष्ट शिका आणि ती घरातल्या एकाच खिडकीपाशी शिका. किल्ले, घाट, सूर्यास्त कुठं पळून जात नाहीत.

पहिल्या दिवशीची कामं

बॅटरी पूर्ण चार्ज होईपर्यंत कॅमेऱ्याला पट्टा लावून घ्या. पट्टा गळ्यात किंवा मनगटाला गुंडाळल्याशिवाय कॅमेरा हातात घ्यायचा नाही, ही सवय पहिल्याच दिवशी लागली पाहिजे. मग तारीख आणि वेळ बरोबर लावा. हे काम क्षुल्लक वाटतं, पण दोन वर्षांनी हजारो फोटोंतून एक शोधताना याच तारखेचा आधार असतो. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. आणि कॅमेऱ्याचा छोटा दिवा लुकलुकत असताना कार्ड किंवा बॅटरी कधीही ओढून काढू नका. त्या वेळी फोटो कार्डावर लिहिले जात असतात.

आता एक गोष्ट, जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे ज्यातून आपण डोळा लावून बघतो त्या खिडकीच्या कडेला एक बारीक चकती असते. ती आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची असते. आत दिसणारे आकडे लख्ख वाचता येईपर्यंत ती फिरवा. माझ्याकडे एक काका यायचे. ‘लेन्सच खराब आहे, सगळं अंधुक दिसतं’ म्हणून कॅमेरा विकायला निघाले होते. चकती चार खाचा फिरवली आणि त्यांना समोरच्या झाडाचं पान न् पान दिसायला लागलं.

फोटोच्या दर्जाच्या सेटिंगमध्ये ‘रॉ आणि जेपेग’ असे दोन्ही ठेवा. जेपेग लगेच बघायला आणि घरच्यांना पाठवायला. रॉ फाइल म्हणजे सेन्सरनं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागानं, टिपलेला कच्चा माल. आज ती कशी धुवायची, म्हणजे कॉम्प्युटरवर तिचा फोटो कसा तयार करायचा, हे तुम्हाला येत नसेल, पण सहा महिन्यांनी येईल आणि तेव्हा आजचे फोटो हाताशी असतील. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ साधारण २५ एमबीची होते, तेव्हा ६४ जीबीचं एक चांगलं कार्ड सुरुवातीला पुरतं.

कॅमेरा धरायचा कसा

डावा तळवा लेन्सच्या खाली, वाटी धरल्यासारखा. लेन्सच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत धरू नका, वजन खालून पेला. उजवा हात पकडीवर. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, एक पाय किंचित पुढं. श्वास सोडायचा आणि बटण हळूच दाबायचं. बटणावर बोट आपटलं की फोटो हलतो. बटणाला दोन टप्पे असतात: अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. अर्ध्यावर थांबायला बोटाला शिकवायला दोन-तीन दिवस लागतात. टीव्ही बघत बसलात तरी हा सराव करता येतो.

पहिले दोन आठवडे: खिडकी

या काळात कॅमेरा ऑटोवर ठेवला तरी चालेल, फक्त फ्लॅश बंद करा. कारण आत्ता कॅमेरा शिकायचाच नाहीये, उजेड शिकायचाय.

घरात अशी एक खिडकी शोधा जिथून थेट ऊन येत नाही पण उजेड भरपूर येतो. उत्तरेची असेल तर फारच छान, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. खोलीतले सगळे दिवे बंद करा. एक माणूस खिडकीशेजारी बसवा. माणूस नसेल तर तांब्या, शेंगदाण्याची परात, काहीही चालेल.

मी हे शिकले ते आजीच्या स्वयंपाकघरात. ती खिडकीपाशी तांदूळ निवडत बसायची. खिडकी तिच्या डाव्या हाताला. पहिला फोटो मी खिडकीकडं पाठ करून काढला, म्हणजे उजेड माझ्या पाठीमागून तिच्या तोंडावर समोरून पडत होता. चेहरा स्वच्छ आला, पण सपाट, जणू चौकोनी कागदावर चिकटवलेला. मग मी बाजूला सरकले, खिडकी माझ्या उजवीकडं आली. आता तिचा डावा गाल उजळला आणि उजवा सावलीत गेला. कपाळावरच्या आठ्या, हाताच्या शिरा, परातीतला एकेक दाणा वेगवेगळा दिसायला लागला. मग मी तिच्या पलीकडं जाऊन खिडकीकडं तोंड करून फोटो काढला. चेहरा काळा पडला, पण केसांच्या कडेनं चांदीसारखी रेघ उमटली. ‘अगं, किती गं फोटो काढशील, तांदळात खडा राहायचा,’ ती म्हणाली. ती जागची हललीही नव्हती. हलले होते फक्त मी, आणि तीन वेगवेगळ्या बायकांचे वाटावेत असे तीन फोटो झाले होते.

हेच तुम्ही करा. समोरचा उजेड, बाजूचा उजेड, मागचा उजेड. मग अंतर बदला: माणूस खिडकीपासून एका हातावर, मग चार हातांवर. जवळ असताना उजळ आणि सावलीच्या भागांत मोठा फरक असतो, आत सरकत जाल तसा उजेड कमी होतो आणि फरकही बोथट होतो. मग पांढरी चादर सावलीच्या बाजूला कुणाला तरी धरायला सांगा. चादरीवरून परतलेल्या उजेडानं काळवंडलेला गाल हळूच उघडतो. लग्नाचे फोटो काढणारे ज्या चंदेरी छत्र्या आणि पांढरे फलक वापरतात, त्यांचं काम हेच आहे आणि तुमच्या घरच्या चादरीला ते जमतं.

रोज बाराच फोटो काढा. या आकड्याला कारण आहे. आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांच्या काळात रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात १२० नंबरचा फिल्मचा रोल घातला की चौकोनी बारा फोटो यायचे. तेरावा हवा असेल तर रोल बदला. त्यामुळं बटण दाबण्याआधी डोळ्यांनी काम करावं लागायचं. आपल्या कार्डात दीड हजारांच्या वर मावतात म्हणून आपण आधी दाबतो आणि मग बघतो. बारा फोटोंचं बंधन पाळा, दोन आठवड्यांत तुमचीच नजर तुम्हाला वेगळी वाटेल.

तिसरा आठवडा: ॲपर्चर

आता डायल फिरवून ‘ए’वर आणा, काही कॅमेऱ्यांवर ‘एव्ही’ लिहिलेलं असतं. इथं ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या पडद्याचा, वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा, ४०० वर ठेवून द्या आणि आठवडाभर त्याला हात लावू नका.

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक. आकडे असे जातात: एफ २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो. नवख्यांचा गोंधळ इथं होतो, कारण आकडा मोठा तेव्हा भोक लहान. हा आकडा भागाकारातला खालचा आकडा आहे असं समजा. भाकरीचे चार तुकडे केले तर वाट्याला मोठा येतो, सोळा केले तर लहान. तसंच एफ ४ मोठं आणि एफ १६ लहान.

भोक लहान झालं की पुढचं-मागचं जास्त अंतर स्पष्ट येतं, मोठं असलं की फोकसच्या मागचं-पुढचं धूसर होतं. किट लेन्सनं मागचं धूसर येत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकते. येतं, पण त्यासाठी तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. लेन्स ५५वर न्या, विषयाच्या अगदी जवळ जा आणि मागची भिंत विषयापासून जितकी लांब मिळेल तितकी घ्या. ५५वर या लेन्सचं सर्वांत मोठं भोक एफ ५.६ असतं, तेवढंही पुरतं. तुळशीचं एक पान घ्या, मागं दहा पावलांवर अंगण येऊ द्या, आणि बघा. घरातल्या भिंतीला पाठ टेकवून बसलेल्या माणसामागं मात्र कुठलीही लेन्स काही धूसर करू शकत नाही.

एक इशारा. सगळं स्पष्ट हवं म्हणून लगेच एफ २२ वर जाऊ नका. भोक फार बारीक झालं की उजेड त्याच्या कडांवरून पसरतो आणि अख्खा फोटो किंचित मऊ पडतो. घाट, वाडे, डोंगर यांना एफ ८ ते ११ भरपूर झालं.

चौथा आठवडा: शटर

डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर. आता वेग तुमच्या हातात. बाहेरच्या नळाखाली बादली लावा आणि पाण्याची धार टिपा. १/१००० सेकंदाला थेंब काचेच्या मण्यांसारखे हवेत थांबतात. १/३० ला धारेची दोरी होते. १/४ ला रेशीम होतं, पण तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही, कॅमेरा स्टुलावर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. भर उन्हात १/४ जमणारही नाही, फोटो पांढराफटक पडेल. सकाळी उन्हाआधी किंवा दाट सावलीत करा.

हातात धरून किती हळू जाता येतं? लेन्स जितक्या मिलिमीटरवर, साधारण त्याच्या दीडपट आकडा भागाकारात खाली घ्या. १८ वर १/३०, ५५ वर १/८० किंवा १/१००. लेन्समध्ये थरथर कमी करण्याची सोय असेल तर याहून हळूही चालतं. मात्र ती सोय तुमच्या हाताची थरथर सांभाळते, समोर पळणाऱ्या पोराला थांबवत नाही. खेळणाऱ्या मुलांना किमान १/५०० द्या. चालत्या माणसाला १/२५० पुरतो.

आयएसओ, आणि दिवे घाटातली एक सकाळ

उजेड कमी पडतो तेव्हा आयएसओ वाढवायचा, बदल्यात फोटोत दाणे येतात. उन्हात १००, ढगाळ दिवशी किंवा सावलीत ४००, घरात दिवसा ८०० ते १६००, रात्री ३२००. इतकं सोपं आहे, पण विसरायलाही तितकंच सोपं आहे.

एका वर्षी ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघाली तेव्हा मी पहाटेच दिवे घाटात जाऊन बसले होते. आदल्या रात्री मुक्कामाच्या खोलीत मंद दिव्यात भजनाचे फोटो काढले होते, आयएसओ ३२००वर. सकाळी आभाळ भरलेलं, घाटाच्या वळणावळणानं पांढऱ्या टोप्यांची नदी वर चढत होती, आणि मी दोनशे फोटो काढले. मागच्या छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते. घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले तर प्रत्येक चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखी. ती वारी काही परत मिळाली नाही, तिची रुखरुख आजही आहे.

त्या दिवसापासून मी झोपण्यापूर्वी कॅमेरा मूळ जागी आणून ठेवते: ए मोड, एफ ५.६, आयएसओ ४००, अधिक-उणे (ते काय हे पुढं येतंय) शून्यावर, बॅटरी चार्जिंगला. दिवे घालवण्याआधी गॅस बंद आहे का बघतो तसंच हे बघायचं. सकाळी अचानक अंगणात काही दिसलं आणि कॅमेरा उचलला, तरी तो तयार असतो.

म्हैस आणि धोतर

दुसरा महिना मी एकाच गोष्टीला देते, कारण फोटो शिकणारे इथंच अडतात. कॅमेऱ्यातला मीटर उजेड मोजतो, पण समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्याची समजूत एकच: समोरचं जग सरासरीनं मध्यम राखाडी आहे. बहुतेक वेळा ते खरंही असतं, झाडं, रस्ता, माणसं, आभाळ मिळून तेवढंच होतं. पण अख्खी चौकट एकाच रंगानं भरली की तो फसतो.

कृष्णेच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीचा जवळून फोटो काढा. मीटरला वाटतं, अरे, फार अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. काळीभोर म्हैस धुळकट राखाडी येते. आता घाटावर वाळत घातलेलं पांढरं धोतर चौकटभर घ्या. मीटरला वाटतं, फार उजेड झाला, आणि तो कमी करतो. धोतरही राखाडी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर म्हैस आणि धोतर एकाच रंगाचे दिसतात. हा प्रयोग प्रत्यक्ष करून बघा, वाचून पटणार नाही. म्हैस नसेल तर काळी छत्री घ्या.

उपाय एका बटणावर आहे. अधिक-उणेची खूण असलेलं बटण दाबून चाक फिरवा. पांढऱ्याला अधिक १, काळ्याला उणे १. पांढरं आहे म्हणून उजेड कमी करावा असं मनाला वाटतं, पण करायचं असतं उलट. पांढऱ्याला वाढवा, काळ्याला घटवा. वारकऱ्यांच्या टोप्या, दह्याची कवडी, मोगऱ्याचा गजरा, समुद्रावरची कोरडी वाळू, सगळ्यांना थोडं अधिक. काळ्या पाषाणाची मूर्ती, पावसानं भिजलेला कातळ, यांना थोडं उणे.

बरोबर झालं की नाही हे पडद्याच्या चकाकीवरून ठरवू नका, उन्हात पडदा फसवतो. फोटो बघताना हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख उघडा. डावीकडं काळं, उजवीकडं पांढरं. उजव्या भिंतीला डोंगर धडकून उभा राहिला असेल तर तिथला तपशील गेला, तो नंतर कशानंही परत येत नाही. डावीकडचा अंधार रॉ फाइलमधून बराचसा उघडता येतो. म्हणून शंका असेल तेव्हा पांढरं जपा.

फोकस कुठं

नव्या कॅमेऱ्यात फोकसचे बरेच बिंदू असतात आणि कुठला वापरायचा हे कॅमेराच ठरवत असतो. तो बहुतेक वेळा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. तुम्हाला चेहरा हवा असतो, तो पुढं आलेला हात धरतो. मेनूत जाऊन एकच बिंदू निवडा, मधला. तो डोळ्यावर आणा, अर्धं बटण दाबा, तसंच धरून हवी तशी चौकट जुळवा आणि मग पूर्ण दाबा. माणूस असो की मांजर, जवळचा डोळा स्पष्ट हवा. बाकी काहीही मऊ पडलं तरी बघणाऱ्याला चालतं. तुमच्या मिररलेस कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती खुशाल वापरा, मात्र घोळक्यात कुणाचा डोळा धरलाय ते तपासत राहा. धावत्या, उडत्या गोष्टींसाठी सततचा फोकस, बसलेल्यांसाठी एकदाच होणारा.

तिसरा महिना: एक ठिकाण, चार फेऱ्या

आता बाहेर पडा. दर रविवारी नवीन जागा गाठण्यापेक्षा जवळची एकच जागा निवडा आणि महिन्यात चारदा तिथंच जा. आमच्याकडं मी सगळ्यांना मेणवलीला नेते. वाईपासून अगदी जवळ, नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागं कृष्णेचा घाट. तुमच्या गावचा बाजार, तलाव, एसटी स्टँड, काहीही चालेल.

पहिल्या फेरीला सगळे जण पायऱ्यांच्या वर उभे राहून अख्खा घाट चौकटीत घेतात. घाट, देवळं, नदी, झाड, आभाळ, सगळं असतं आणि कशाकडंच बघावंसं वाटत नाही. दुसऱ्या फेरीला मी सांगते, खाली उतरा, पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या पायरीवर बसा आणि एकच गोष्ट निवडा. मग कुणाला ओल्या दगडावरचं पावलाचं उमटलेलं पाणी दिसतं, कुणाला पायऱ्यांच्या कमानदार रेघा. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, अर्धा कापलेला माणूस हे सगळं कडांवरच लपलेलं असतं. एक पाऊल डावीकडं सरकलं की निम्म्या अडचणी जातात.

घाटावर छोट्या दगडी घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावर मी सगळ्यांची परीक्षा घेते. घुमटीत सावली, पलीकडं नदीवर लखलखीत ऊन. बाहेरचं नीट आणायला जाल तर घंटा काळी ठिक्कर, घंटेला धरलं तर नदी पांढरी. दोन्ही एका फोटोत येणार नाहीत, तुम्हाला ठरवावं लागतं. कुणी घंटेची नुसती काळी आकृती नदीवर उभी करतं, कुणी नदी सोडून देऊन बाजूच्या उजेडात घंटेवरची अक्षरं टिपतं. दोन्ही बरोबर. बारा वाजता जाल तर मात्र दोन्ही फसतील. सूर्य उगवल्यापासूनचे दीड-दोन तास आणि मावळण्याआधीचे दीड-दोन तास, एवढाच वेळ उजेड तिरका आणि मऊ असतो. आमची वाई डोंगरांनी घेरलेली, म्हणून इथं ऊन घाटावर उतरायला थोडा वेळ लागतो, तेवढी चहाची सोय होते.

चौथ्या फेरीपर्यंत तुम्हाला कळलेलं असतं की धुणं धुणाऱ्या मावशी किती वाजता येतात आणि ऊन कुठल्या पायरीपर्यंत आलं की पाण्याची चमक कमानीच्या आतल्या बाजूला नाचते. फोटोतलं खरं शिक्षण मला तरी या परत परत जाण्यातच मिळालं.

आणि मावशींचा फोटो काढायचा असेल तर आधी बोला. ‘मावशी, तुमचा फोटो काढू का?’ एवढंच. नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर काढा, दाखवा, आणि पुढच्या फेरीला छापून नेऊन द्या. आंघोळ करणाऱ्या माणसांवर कॅमेरा रोखायचा नाही, अनोळखी लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. कासच्या पठारावर गेलात तर तेच फुलांच्या बाबतीत: चांगल्या फोटोसाठी फुलं तुडवत आत शिरणारा माणूस मला फोटोग्राफर वाटत नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो कॉम्प्युटरवर उतरवा, तारखेचा फोल्डर करा. दुसरी प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर. दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाली की मगच कार्ड पुसा. मग निवड करा. शंभरातले पाच ठेवा. कठीण जातं, पण एकाच प्रसंगाचे सहा फोटो दाखवलेत तर बघणारा चांगला असलेलाही विसरतो. निवडलेल्या प्रत्येक फोटोची माहिती उघडून ॲपर्चर, शटर आणि आयएसओ वाचा. आपण काय केलं तेव्हा काय झालं, हे सांगणारा दुसरा गुरू नाही. महिन्यातून एक फोटो छापून भिंतीवर लावा.

पुढची खरेदी

सहा महिने काहीही घेऊ नका. त्यानंतर घ्यायचंच असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर घरात वापरायला मला ३५ सोयीची वाटते, ५० नं खोलीत मागं मागं सरकत भिंतीला टेकायला होतं. किट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा एफ १.८ मधून दहापटीच्या आसपास उजेड आत येतो, म्हणजे रात्रीच्या स्वयंपाकघरातही फ्लॅश लागत नाही. लांब पल्ल्याची झूम पक्ष्यांचं वेड लागलं तरच घ्या.

पावसाळा

आपल्याकडं कॅमेऱ्याचा खरा शत्रू धूळ नाही, दमट हवा आहे. वाई-महाबळेश्वर पट्ट्यात, कोकणात, मुंबई-गोव्यात जूनपासून लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. एकदा काचेवर मुळं धरली की साफ करूनही डाग राहू शकतो. कॅमेरा त्याच्या कापडी किंवा चामड्याच्या बॅगेत महिनोन्‌महिने ठेवू नका, बॅग ओल धरून ठेवते. हवाबंद झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलची पुडी आणि सोबत दमटपणा दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. रंग बदलणारं सिलिका जेल आणलंत तर ते ओल शोषून भरलं की रंगावरून कळतं. निळं गुलाबी होतं, केशरी हिरवं होतं. मग ते मंद आचेवर तापवून मूळ रंगावर आणायचं आणि परत वापरायचं. त्यासाठी जुनं भांडं वेगळं काढा, खाण्याचं वापरू नका, निळ्या जेलमधलं रसायन पोटात जाणं घातक असतं.

पावसात भिजून आलात तर आधी बाहेरून कोरड्या सुती फडक्यानं टिपा, लेन्स लगेच काढू नका. काचेवरची धूळ रबरी फुग्यानं उडवा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा डब्यातून काढून अर्धा तास खिडकीपाशी बारा फोटो काढा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.